आमच्यात असं कुणी नाही

उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा आई म्हणाली, "तिकडे तरी नाटकं करू नकोस हं. लोकं बुरं मानतात." मोठ्या भावानं, दादानं, बॅग डिकीत टाकली आणि लगेच मोबाइल काढला. रडलं कुणीच नाही. मी तर मनातून नाचत होते. सुटले एकदाची!

पुण्यात माझा फ्लॅट इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, रस्त्यापासून लांब. ट्यूबलाइट नाही, डोअरबेल नाही, कुकरच्या शिट्या नाहीत. ऑफिसात हेडफोन लावून बसते, कुणी अंगाला हात लावत नाही. माझं 'बुरं मानू नका' ऐकून इथले लोक हसतात. हसोत बापडे.

उज्जैनला मी 'हळवी' होते. गणपतीच्या आरतीत झांजा सुरू झाल्या की मी कानांवर हात घ्यायचे आणि आई सगळ्यांसमोर ते खाली ओढायची. दादा मुद्दाम माझ्या कानाशी झांज वाजवायचा, चुलत भावंडं खिदळायची. दिवाळीला जवळच्या भैरवगढची, ठशांनी छापलेली नवी कुर्ती यायची. तिच्या रंगाच्या वासानं मला ओकारी व्हायची, तरी घालायलाच लागायची. दादा, तू विसरला असशील. मी नाही विसरले आणि विसरणारही नाही.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पुष्कळ माणसं हळवी असतात, आवाज, वास त्यांनाही टोचतात, म्हणून ती सगळी ऑटिस्टिक नसतात. पण माझं तेवढंच नव्हतं. बोलण्याआधी वाक्यं घोकणं, टोमणा न कळणं, ठरलेलं बदललं की कोलमडणं, हेही लहानपणापासूनचंच. मला ऑटिझम आहे, त्या म्हणाल्या. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "हळवीच म्हण गं. ते दुसरं बोलू नकोस, स्थळं येणार नाहीत." हळवी मुलगी लग्नाला चालते ना! उलट कौतुकानं सांगता येते.

यंदा दादाच्या मुलीनं, सहा वर्षांच्या मिहूनं, आरतीत कान झाकून किंकाळ्या फोडल्या. शाळेनंही सांगितलं म्हणून दादा-वहिनी तिला इंदूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरात आणखी कुणाला असं आहे का, डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाला, "नहीं साहब, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं. लडकी थोडी सेन्सिटिव्ह है, बस." आणि तपासणी अर्धवट सोडून पोरीला घरी घेऊन आला. वहिनीनं हे मला रडत रडत फोनवर सांगितलं.

"स्पीकरवर टाक," मी म्हटलं, "आणि आई-दादाला बोलाव."

मग मी बोलले. झांज, ओढलेले हात, कुर्ती, सगळं. खोटं कशाला सांगू, मजा आली! दादा ओरडला, "तुला घर तोडायचंय का?" "मिहूला माझ्यासारखं दाबणार असाल तर हो," मी म्हटलं. "पुन्हा खोटं बोललास तर तिकडे येऊन, आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर माझं मीच सांगेन." आई रडायला लागली. रडू दे. मी रडायचे तेव्हा कुणी विचारलं होतं?

पुढच्या वेळी वहिनी एकटीच मिहूला घेऊन गेली. "इसकी बुआ को ऑटिझम है," तिनं डॉक्टरांना सांगितलं. आता मिहूची तपासणी नीट चाललीय.

लोक विचारतात, उज्जैनला घरी कधी जाणार? तिकडे माझं घर म्हणावं तर वहिनीचं तेवढं एक वाक्य आहे. बाकीचं सगळं तुमचं तुम्हाला लखलाभ.