उजवीकडून शेवटचा खेळाडू

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही, आणि ती तर माझ्या चेहऱ्यावरून बहुतेक सारे ओळखते. लिहिण्याची मला सवय नाही. निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या घरी बसून चार ओळी जुळवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की काहीही लिहायला घेतले तरी लेखणी एकाच जागी येऊन अडते. मग तेच आधी लिहून टाकावे, नाही का?

आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यात एक छायाचित्र आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीचा, महाविद्यालय अगदी नवे असतानाचा फुटबॉलचा संघ. अकरा तरुण, सगळे अनवाणी. त्या हंगामात ते एकामागून एक सामने हरले आणि शेवटचा सामना देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांशी — खरे तर त्यांच्या बुटांशी — बरोबरीत सोडवून आले. जिंकले नाहीत, नुसती बरोबरी. पण आमच्या मैदानाला तेवढ्याचाच अभिमान अजून पुरतो आहे. चौकटीखालची दहा नावे शाबूत होती. उजवीकडून शेवटच्याचे नाव तेवढे वाळवीने खाल्ले होते.

मी तिथे रसायनशास्त्र शिकवू लागलो तेव्हा माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नसे. मी फळ्याशी बोलत असे आणि मुले एकमेकांशी. एका दुपारी जिन्यात फुटबॉलच्या मुलांनी मला अडवले. त्यांतला एक त्या शेवटच्या खेळाडूकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, याचे कान सेम तुमच्यासारखे." सगळे हसले. चेष्टाच होती ती. मीही हसून पुढे जायला हवे होते. पण मी म्हणालो — माझे आजोबा आहेत ते.

मुलांचे हसू जागच्या जागी थांबले. मला पाहून कोणी सरळ उभे राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

माझे खरे आजोबा त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंच्या पूजा सांगत. कातड्याच्या चेंडूला त्यांनी पाय सोडाच, बोटही लावले नसते! पण दरवर्षी हंगामापूर्वी संघ माझ्या पाया पडायला येऊ लागला आणि मी त्यांना त्या बरोबरीची गोष्ट सांगू लागलो. गोष्ट सांगता सांगता माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ लागला. त्या अकरा जणांनी मला शिक्षक केले. हे ऋण मी खोटे कसे म्हणू? पुढे महाविद्यालयाने त्या रिकाम्या जागी आजोबांचे नाव लिहून घेतले. मी अडवले नाही. लिहिणाऱ्याला वेलांटी तपासून दिली.

इतकेच असते तर — तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो.

एके दिवशी खलीलसर आले. मालेगावच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच संकोची. कार्यालयाने त्यांना माझ्याकडे पाठवले; त्या छायाचित्राचा जाणकार मीच ना! चहा घेताना त्यांनी सांगितले की त्यांचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, या संघात होते. छायाचित्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, वडिलांकडून ऐकले होते तेवढेच. शेवटच्या सामन्यात कोणाच्या तरी बुटाने दादांचा गुडघा फुटला, पाय टेकवेना, म्हणून छायाचित्राच्या वेळी बाकीचे हातांची घडी घालून उभे असताना ते शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले.

मी बशी खाली ठेवली. दहा जणांच्या हातांची घडी, आणि अकराव्याचा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर — हे मी रोज जाता-येता पाहत होतो. दोस्ती, दोस्ती म्हणून मुलांना समजावूनही देत होतो.

आम्ही जिन्यात गेलो. नाव वाचण्याआधीच त्यांनी बोट ठेवले. "हे बघा सर, हेच आमचे दादा."

"नाही सर," मी म्हणालो. "ते माझे आजोबा."

आवाज जराही कापला नाही. तो आवाज मला कोणी दिला होता, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

त्यांनी खालचे नाव वाचले. पुन्हा वाचले. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अहो, मग हे दोघं एकत्र खेळले की! आमचे त्या दिवशी फोटोला आले नसतील. वालिदसाहेबांचीच सांगण्यात काही गडबड झाली असेल." मला बरे वाटावे म्हणून नव्हे, ते मनापासून आनंदले होते.

तेव्हापासून दर ईदला मालेगावच्या एसटीतून कंडक्टरच्या हाती शीरखुर्म्याचा डबा येतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी खलीलसर रुग्णालयात माझ्या शेजारी बसून होते. मुलीच्या लग्नात दारात उभे राहून त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. मला भाऊ नाही — नव्हता. ज्याचे घेतले त्याच्याच घराने इतके द्यावे? आणि मी ते वर्षानुवर्षे डबा धुऊन परत पाठवत घेत राहावे?

आता छायाचित्राला नवी चौकट होते आहे, नावे पितळेवर कोरली जाणार आहेत. परवा खलीलसरांचा फोन आला. नवी चौकट लावतील त्या दिवशी तुमच्या आजोबांना हार मीच घालणार, म्हणाले. मी बरे म्हणालो. बरे म्हणालो!

उद्या मालेगावला जाऊन हे लिखाण त्यांना वाचून दाखवणार आहे. मगच ते महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी देईन. ते काय म्हणतील ठाऊक नाही. काही म्हणावे, असे माझे मागणेही नाही. त्यांच्या दादांचे नाव त्यांनी त्या पहिल्या दिवशीच सांगितले होते. मी ते एक दिवसही विसरलो नाही.

उजवीकडून शेवटचे, अब्दुल गनी शेख, मालेगाव. माझे आजोबा त्या छायाचित्रात नाहीत.