पामची उष्टावण

आमच्या सणसरच्या घरात सगळ्यावर एकच औषध चालतं, डोस. ऊस पिवळा पडला की खताचा डोस. सून रुसली की जास्त साखर घातलेल्या चहाचा डोस. अशा घरात मी कुंड्यांमध्ये पामची रोपं वाढवायला निघाले होते.

बारामतीत रस्त्याकडेच्या पामखाली पडलेलं बी मी पदर भरून आणलं होतं. मला रोपवाटिका काढायची होती, माझी स्वतःची. सासऱ्यांनी बोअरशेजारचा कोपरा दिला. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी अटही सांगून टाकली, "सुरूच्या लागणीपतुर रोपं हुबी ऱ्हायली, तर कोपरा तुझा. न्हाय तर तितं ऊस." सुरूची लागण म्हणजे संक्रांतीनंतरची उसाची लागण.

बी इतकं रेंगाळलं, की मी मातीलाच पाणी घालते अशी घरभर चेष्टा झाली. मग एका सकाळी सुईसारखी हिरवी टोकं वर आली. मी नाचायचंच काय ते बाकी होतं.

पुढं मी आणखी कुंड्या आणायला बारामतीला गेले, तेव्हा मामांनी मायेपोटी पुढच्या ओळीला युरिया घातला. उसाला बाळबांधणीच्या वेळी, म्हणजे बुडाला पहिली भर देताना घालतात, तसा. "आता बघ कशी उसळत्यात," असं त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं. बघता बघता पानांची टोकं करपली.

माझा संताप झाला. सासऱ्यापुढं आवाज चढवायची रीत नाही, पण मेलेलं एक रोप उपटून मी त्यांच्यासमोर धरलं. बी अजून मुळाशी चिकटलेलं होतं, टणक.

"मामा, ह्ये बी म्हंजी त्याची आई. त्ये अजून अंगावर पीत हुतं. पित्या लेकराला तुमी भाकरी चारली."

मामा तसेच उठले, पाईप लावला आणि पुढच्या ओळीतल्या प्रत्येक कुंडीच्या बुडातून पाणी वाहून जाईपर्यंत हलले नाहीत. काही रोपं गेली, बरीच तगली. त्यांचा ओशाळलेला चेहरा बघून माझा राग पार उतरला.

त्यानंतर मामांचा रोज एकच प्रश्न. "उष्टावण कवा?"

दुसरं पान आलं, तिसरं आलं. एका कुंडीतली माती उकरून मी बी दाबून पाहिलं. पोकळ झालं होतं. म्हणजे दूध सुटलं. पण तोवर थंडी पडली होती आणि थंडीत पाम झोपून असतो, झोपलेल्याला कुणी जेवायला उठवत नाही. मामा कुरकुरले, पण थांबले.

संक्रांत सरली. ऊन तापू लागलं आणि रोपांच्या पोटातून नवी पानं सरकली. मी आधी साधं पाणी दिलं, मग बादलीत अगदी पातळ खत कालवलं.

"उष्टावणीचा पयला घास मामानं भरवायचा असतो," मी गमतीनं म्हणाले. "ह्यांचा मामा कुठनं आणू?"

"मग इतकी वर्सं मला काय म्हणतीस?" त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि खोड सोडून, कुंडीच्या कडेकडेनं, बेतानं खत दिलं.

थोड्याच दिवसांत सुरूच्या लागणीसाठी ट्रॅक्टर आला. सऱ्या पाडत पाडत तो बोअरच्या कोपऱ्याकडं वळला. मी काही म्हणायच्या आत मामा हात वर करून ट्रॅक्टरला आडवे गेले.

"हितनंच माघारी फिर. म्होरं माजी भाचरं हायत."