ह्यो आणि ह्ये

बांधावरच्या भांडणात माझ्या मालकांच्या काठीचा एकच घाव बसला आणि माझा चुलतदीर जागीच गेला. दिवस मावळायच्या आत मालक मोगलाईत निघून गेले. आमच्या तिसगावाहून निजामाची हद्द फार लांब नव्हती, पण तिच्या पलीकडे आमच्या फौजदाराचं काही चालत नसे. इकडच्या सरकारनं तिकडच्या सरकारला कागद धाडायचे, गुन्हा लिहायचा, जबान्या जोडायच्या. त्यांना पटलं, तरच ते माणूस हद्दीवर आणून हवाली करणार. ते कागद दीड वर्ष फिरत होते. मी म्हणायची, फिरू देत जन्मभर.

त्या दीड वर्षात भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं. विहिरीवर भरलेली घागर डोईवर चढवायला कुणी हात लावत नसे. मी घरात चुलीशी बोलायची. वेडी म्हणा हवं तर, पण दिवसातून एकदा तरी आपला आवाज ऐकावासा वाटतो.

मग तिकडे मालक सापडले. "मी तो न्हवंच," म्हणाले आणि दुसरंच नाव सांगितलं. मयताच्या भावांची साक्ष तिकडचा अंमलदार धरेना. वैरी कुणाकडेही बोट दाखवतील, म्हणाला. घरचं माणूस आणा. शिपाई मला न्यायला आला, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. नाही म्हटलं की मालक सुटणार होते.

कचेरीत पाच माणसं एकेक करून माझ्यापुढे आणायचं ठरलं. पहिला आला.

"ह्यो न्हाई," मी म्हणाले.

दुसरा आला. "ह्यो बी न्हाई."

तिसरे मालक होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. माझा जीव गलबलला, पण मी आवाज हलू दिला नाही.

"ह्ये न्हाईत," मी ठणकावून सांगितलं.

माझं बोलणं उर्दूत सांगणारा कारकून मराठीच होता. तो लिहिता लिहिता थांबला आणि हसला. परक्या माणसाला कोण बाई 'ह्ये' म्हणते? उरलेले दोघे त्यांनी आणलेच नाहीत.

हद्दीवर आमच्या शिपायांनी मालकांना ताब्यात घेतलं. गाडीत चढताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो म्हनायला काय झालं हुतं तुला?"

त्यांना जन्मठेप झाली. ते तुरुंगातच वारले. घरात एकटीच असताना मी पुष्कळदा त्यांना 'ह्यो' म्हणून बघितलं. जीभ वळली नाही.