आजीचं दूध प्यालेला मिथुन

दिपकच्या लग्नात नवऱ्याची आई काळी मांडवात फारशी दिसलीच नाही. पाहुणे विचारत होते, काळी कुठे, काळी कुठे, आणि काळी मागच्या पडवीत भाताच्या टोपांजवळ पदर पोटावर ओढून बसली होती. कोवळ्या वयात तिला दिपक झाला, मधली दोन पोरं जगली नाहीत, आणि आता सून घरात यायच्या वेळेला पुन्हा दिवस राहिले होते. सायवनच्या त्या पाड्यावर अशी गोष्ट काही पहिल्यांदा घडत नव्हती. पण बायका हसायच्या त्या हसल्याच. "सून आणि लेक एकदमच आणते गं ही," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते काळीच्या कानावर गेलं.

लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांत बायजी जन्मली. सासूचं बाळंतपण नव्या सुनेच्या हातून झालं. सून संगिता कैनाड गावची, लहानपणीच आई गेलेली. तिला या कामातलं काही ठाऊक नव्हतं, पण सांगितलं ते तिने केलं. पाणी तापवलं, पेज शिजवली, कपडे धुतले. काळी मात्र तिच्याकडे बघायची नाही. बायजीला पाजायची वेळ झाली की कुडाकडे तोंड करून बसायची. संगिताला वाटे, सासूला मी आवडत नाही. एकदा तिने दिपकला तसं म्हटलंही. दिपक गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत कामाला जायचा, सकाळी जीप पकडायचा तो दिवेलागणीला परतायचा. तो म्हणाला, "आय लाजते गं तुला." संगिताला ते पटलं नाही. सासू सुनेला लाजते असं तिने कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकत आली तेव्हा, संगिताचं पोट दुखायला लागलं. दिवस अजून भरले नव्हते. पाड्यावरची आशा कार्यकर्ती सुषमा हिने फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. काळी बायजीला कमरेवर घेऊन गाडीत चढली. सुषमा म्हणाली, "पोरीला घरी ठेव ना." काळी म्हणाली, "अंगावर पिते, ठेवू कशी?"

दवाखान्यात मुलगा झाला. रडला, पण आवाज मांजराच्या पिल्लासारखा. आणि त्यानंतर संगिताचं रक्त थांबेना. तिला एवढंच आठवतं की छत लांब लांब जात होतं आणि कुणीतरी तिच्या पोटावर जोरात दाबत होतं. डॉक्टरबाई आणि सिस्टर तिच्यापाशी खिळून उभ्या होत्या. दिपक कंपनीतून तसाच धावत आला, त्याने रक्त दिलं, त्याच्या दोन सोबत्यांनी दिलं. संगिता वाचली.

शुद्धीवर आली तेव्हा तिच्या हातांत कापूस उचलायचंही बळ नव्हतं. सिस्टरने बाळ तिच्या छातीवर, अंगाला अंग लावून ठेवलं आणि वरून चादर घातली. "वजन कमी आहे ना, आईची ऊब हवी त्याला," ती म्हणाली. बाळाने तोंड हलवलं, थोडं ओढलं आणि दमून झोपलं. परत उठलं, परत ओढलं, परत रडलं. दूध नव्हतं. सिस्टरने दाबून पाहिलं, दोन-चार थेंब चीक आला, तो तिने चमच्याने बाळाच्या जिभेवर सोडला.

"रक्त फार गेलं की दूध उशिरा उतरतं," सिस्टर म्हणाली. "येईल. घाबरू नको. त्याला सारखं लावत राहायचं. तोवर वरचं थोडं थोडं देऊ."

वरचं दूध बाळाला सोसेना. चमचाभर दिलं की अर्धं बाहेर. संगिता पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहायची. आपण जिवंत राहिलो, आणि याला द्यायला आपल्याजवळ काही नाही, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरायचा.

काळी दारापाशी उभी असायची. बाळ रडलं की तिच्या चोळीवर ओले डाग उमटायचे आणि ती पदर घट्ट करायची. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्या तरण्या पोरी, डहाणूच्या बाजारपेठेतल्या, किनाऱ्यावरच्या, त्यांच्या आया, सासवा. एवढ्या लोकांत काळीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी एकदा बाळ रडून रडून निळसर झालं, तेव्हा ती सरळ सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"मी पाजू काय त्याला? माझ्या अंगावर दूध आहे."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कमरेवरच्या बायजीकडे पाहिलं. "तुमची मुलगी ही?"

"हां. माझीच." काळीचा चेहरा लाल झाला, पण ती मागे सरली नाही.

सिस्टरने डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी काळीचं रक्त तपासून घेतलं, कुठला आजार नाही याची खात्री केली, संगितालाही विचारलं. संगिताने होकाराची मान हलवली. मग काळी संगिताच्या खाटेवर, तिच्या पायांपाशी बसली. घरी बसायची तसं कुडाकडे तोंड न करता, सगळ्यांसमोर. बाळाने तोंड लावलं. आधी हळू, मग त्याच्या गळ्यातून घुटक्याचा आवाज आला. घुटुक, घुटुक. संगिता डोळे मिटून तो आवाज ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, आणि पुसायला हात उचलत नव्हता.

घरी आल्यावर काळीने संगिताला चुलीच्या खोलीत, उबेला जागा केली. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मऊ भात आणि कुळथाचं कढण, मधूनच अळिवाची खीर. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्या ती स्वतः हातावर ठेवायची आणि संगिता गिळेपर्यंत हलायची नाही. संगिता उभी राहिली की घेरी यायची, टाके ओढायचे. काळी तिच्या काखेत हात घालून तिला मागच्या अंगणात न्यायची, गरम पाण्याने शेकायची. आईविना वाढलेल्या पोरीला आपलं अंग कुणी असं धुतल्याचं आठवत नव्हतं. पहिल्या वेळी ती आखडून बसली. काळी म्हणाली, "सैल सोड. मी परकी नाही." एवढंच.

बायजीला मात्र हे सारं अजिबात पसंत नव्हतं. आईच्या मांडीवर हा कोण येऊन बसला, हे तिला कळत नव्हतं. ती बाळाचा पाय धरून ओढायची. काळी एकीकडे नातवाला आणि एकीकडे लेकीला घेऊन बसायची, आणि लेक नातवाच्या डोक्यावर चापट्या मारायची. सासरा लक्ष्या हसून म्हणायचा, "आत्या भाच्याला वळण लावते."

सगळे हसायचे, संगिताही. पण आतून तिला काहीतरी टोचत होतं. बाळ तिच्याजवळ आलं की दोनदा ओढून तोंड फिरवायचं. काळी नुसती दारातून आत आली तरी मान वळवायचं. बोअरिंगवर पाणी भरताना बायका बोलत होत्या, ते कुणीतरी येऊन सांगितलं: पोर आजीचंच होणार. त्या संध्याकाळी दिपक आला तेव्हा संगिता म्हणाली, "त्याला मी नको आहे. तुझ्या आयलाच देऊन टाक."

कुडाला कान असतातच. दुसऱ्या दिवशी पुरुष कामाला गेल्यावर काळी तिच्यासमोर येऊन बसली.

"तुला राग आला माझा?"

संगिता बाळाची चादर सारखी करत राहिली.

"बोल. मी रागवणार नाही."

"राग नाही, आय. तू होतीस म्हणून तो आहे. पण मला लाज वाटते. आई मी, आणि पाजतेस तू."

काळी जवळ सरकली. मग म्हणाली, "लाज काय असते ते मला विचार. तू नवी नवरी, आणि मी तुझ्यासमोर पोट घेऊन फिरत होते. तू माझे कपडे धुतलेस, तेव्हा मला वाटायचं जमिनीत जावं. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं मला. दवाखान्यात त्याने तोंड लावलं, तेव्हा कळलं मला, ही लाज फुकटची होती. बायजी माझ्याकडे आली म्हणून दूध होतं. आता तू फुकटची लाज धरू नको. तुझं पण उतरेल. आण त्याला इकडे."

त्या दिवसापासून काळीने एक रीत धरली. बाळ उठलं की आधी संगिताकडे. फार भुकेने कावलेलं नसतानाच घ्यायचं, म्हणजे ते धीराने ओढतं. संगिता भिंतीला टेकून बसायची, बाळाला उघड्या छातीशी धरायची, आणि काळी बाजूला टेकून आपलं दूध पिळून थेंब थेंब संगिताच्या स्तनावरून खाली सोडायची. थेंब ओघळत बाळाच्या ओठांशी जायचे. त्याला वाटे दूध इथेच आहे, आणि ते सोडत नसे. संगिताच्या अंगावर बाळ ओढत राहायचं आणि पोटात सासूचं दूध जायचं. दमलं की मग काळी त्याला पोटभर पाजायची. सुषमा वजन करायला आली तेव्हा हे बघून दारातच थांबली. म्हणाली, "हे बरं आहे. असंच चालू दे. तो जितका ओढेल तितकं उतरेल."

पण दिवस जात होते आणि फारसं काही होत नव्हतं. काळी कंटाळली नाही. कधी कधी संगिताच कंटाळायची, मग काळी तिला वालाच्या शेंगा सोलायला द्यायची आणि शेजारी बसून कुणाकुणाच्या गोष्टी सांगायची. एवढं बोलणारी बाई आपल्या घरात आहे हे संगिताला ठाऊकच नव्हतं.

एका सकाळी संगिता अशीच शेंगा सोलत बसली होती. बाळ झोळीत होतं. ते कुरकुरलं, अजून रडलंही नव्हतं, आणि संगिताच्या छातीत मुंग्या आल्यासारखं झालं, मग ताण आला, आणि पोलकं ओलं झालं. आधी तिला कळलंच नाही. पाणी सांडलं असेल असं वाटलं. तिने बाळाला उचललं. त्याने तोंड लावलं आणि पहिल्याच घोटाला त्याला ठसका लागला, इतकं दूध आलं. खोकलं, शिंकलं, आणि पुन्हा चिकटलं. घुटुक, घुटुक.

काळी अंगणात भात वाळत घालत होती. संगिताने हाक मारली, "आय, ये जरा."

काळी दारात आली. बाळाच्या हनुवटीवरून पांढरा ओघळ येत होता तो तिने बघितला. ती जवळ आली नाही. उंबऱ्यावर खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं.

मग काळीचंच दूध जास्त झालं. छाती दुखायला लागली, आणि त्याचा सारा फायदा बायजीने घेतला. ती गुबगुबीत झाली आणि भाच्यावरचा तिचा राग ओसरला. बाळाचं नाव मिथुन ठेवलं. त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. संगिता आता बोअरिंगवरून हंडा आणू लागली होती. बायकांनी विचारलं, "काय गं, पोर कुणाचं पितं?" तर ती म्हणायची, "दोघींचं प्यालं, म्हणून तर असं आहे."

माघात दोघी रानात गवत कापायला गेल्या. दोन्ही पोरं झाडाला बांधलेल्या झोळ्यांत होती. संगिता कापता कापता थांबली.

"आय, तू नसतीस तर काय झालं असतं?"

"नसते कशी?" काळी म्हणाली. "होते की."

तिने पेंढी बांधली, पायाने दाबून गाठ मारली आणि उन्हाकडे बघितलं. "चल, तुझं पोर उठेल आता. आधी पाजून घे."

संगिता विळा खाली ठेवून झोळीकडे गेली.