हे रिकामं काहून सोडलं वं?

स्क्रीनवरच्या एखाद्या शब्दावर बोट टेकवून ताई विचारायच्या, “हे रिकामं काहून सोडलं वं?” काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उरायचा.

नागपुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात फाइल सिस्टिमच्या चाचण्या होत. डिस्कवर फायली शाबूत राहतात का, हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, शेल स्क्रिप्ट, आम्ही लिहायचो. घाईत एखाद्या व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या नावाला, सुरुवातीची किंमत द्यायची राहून जाई, ते रिकामंच राही. स्क्रिप्ट तक्रार करत नसे, तशीच पुढे जाई. अशा राहिलेल्या जागा शोधून दुरुस्त करायचं काम ताईंचं. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. त्यांच्या टेबलाशी लोक कामापुरतेच थांबतात.

एकदा रिलीज तोंडावर असताना त्यांनी मला बोलावलं. मध्येच वीज गेली तर फाइल पूर्ण परत मिळते का, ही आमची चाचणी कायम पास होत होती. ताईंनी दाखवलं, वीज जाण्याआधीची आणि नंतरची फाइल ताडून पाहायला तिची खूण ज्यांत ठेवायची, ती दोन्ही व्हेरिएबलं कुणी भरलीच नव्हती.

“रिकाम्याशी रिकामं जुळवून राहिली ही. पास नाही होणार तं काय?”

त्यांनी दुरुस्ती केली आणि चाचणी नापास झाली. फायली खरंच अर्धवट राहत होत्या. रिलीज पुढे गेलं, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळे तर्रीपोहे खायला खाली गेले, ताईंना कुणी हाक मारली नाही. मी डबा घेऊन त्यांच्याजवळ बसले.

“रागावले वाटते सारे,” त्या म्हणाल्या. मग भाजी माझ्याकडे सरकवली. “रागावू दे. कोणाच्या तरी फायली वाचल्या.”

पुढे सगळ्यांचं काम घरून सुरू झालं. ताई मात्र कामठीहून शेअर ऑटोने रोज येत राहिल्या. मी फोनवर कारण विचारलं.

“घरी कोणासंग बोलू वं? इथं वॉचमन तरी नमस्कार करते मले.”

मग ऑफिसची जागाच सोडायचं ठरलं. ताई आता रामटेकला भावाकडे असतात, फोन क्वचित उचलतात.

जागा सोडायच्या आदल्या दिवशी मी माझं सामान न्यायला गेले होते. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, ताईंचं तेवढं एकच टेबल मांडलेलं. त्यांच्याशी थोडं बोलून मी पिशवी उचलली.

“बस ना वं थोडी,” ताई म्हणाल्या. “टेस्ट चालून राहिली अजून.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. चाचणी केव्हाच संपली होती, खाली पास असं लिहून आलं होतं. मी रचलेली एक खुर्ची काढली आणि त्यांच्याजवळ बसले.