विषाचं कपाट

आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक लोखंडी कपाट होतं. आई त्याला विषाचं कपाट म्हणायची. उडालेल्या ट्यूब, फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा, वाळवीचं औषध, थिनर, गळायला लागलेले सेल, मुदत संपलेल्या गोळ्या. जे घरात नको आणि बाहेरही टाकता येत नाही, ते सगळं बाबा त्यात ठेवायचे. कचरा न्यायला येणाऱ्या बाईंचा हात एकदा कुणाच्या तरी ट्यूबच्या काचेने चांगलाच चिरला होता. तेव्हापासून बाबांनी ठरवलं, आपल्या घरातून असलं काही खाली जाणार नाही. चांगलंच ठरवलं हो. पण चांगलं ठरवणाऱ्या माणसांची मला आता धास्ती वाटते.

बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या हातची चिठ्ठी असायची. थिनरवर लिहिलं होतं, ‘हे सरबत नव्हे. नकोशा पाहुण्यांनाही देऊ नये.’ आलेगेले लोक मुद्दाम बाल्कनीत जाऊन त्या चिठ्ठ्या वाचायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. परदेशातल्या लोकांशी घरून बोलावं लागायचं आणि वीज तर तासन्‌तास जायची. म्हणून इन्व्हर्टर आणला. काही वर्षांनी त्याच्या बॅटरीला तडा गेला. नवी बसवायला आलेला मेकॅनिक जुनीतलं अ‍ॅसिड सरळ मोरीत ओतायला निघाला, तर बाबा दारात आडवे उभे राहिले. मोरीतून ते नदीत जातं, म्हणाले. नदीत आता राहिलंय काय काका, असं तो म्हणाला. पण बाबांपुढे कुणाचं चालतंय! त्यांनी ते अ‍ॅसिड स्क्वॅशच्या धुतलेल्या बाटलीत भरून घेतलं. प्लास्टिकचा भरवसा नाही म्हणून काचेची. वर चिठ्ठी लावली आणि बाटली कपाटात गेली.

आमच्याकडे स्क्वॅशची रिकामी बाटली कधी कुणी टाकली नाही. तसल्याच बाटल्यांतून आम्ही पाणी प्यायचो. फ्रिजमध्ये रांगेने चार असायच्या आणि आईला गार पाणी सोसत नाही म्हणून तिची एक बाहेर, पिंपाशेजारी. प्यायचं ते वरून, ओठ न लावता. भांडं उष्टं केलेलं आईला खपायचं नाही. लहानपणी त्यावरून मी किती धपाटे खाल्ले असतील!

मग सगळ्यांसारखी आम्हीही बाल्कनी बंद करायला घेतली, सरकत्या काचा लावून. कामगार यायचे म्हणून बाबांनी कपाट रिकामं केलं आणि त्यातल्या बाटल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून मांडल्या. चिठ्ठ्या सगळ्या पुढे. आईला सांगितलंही. ती बरं म्हणाली. कोपरा पिंपाचाच होता.

दुपारी आई मंडईतून आली. एप्रिलचं ऊन, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या ठेवल्या, चष्म्याला घाम आला होता म्हणून तो काढून ओट्यावर ठेवला आणि खाली वाकून बाटली उचलली. चिठ्ठी तिच्या तळहाताखाली गेली. मान मागे टाकून तिने वरून धार सोडली. त्या अ‍ॅसिडला ना रंग, ना वास. ओठ लावून प्यायली असती तर ओठ भाजले असते, एवढ्यावर भागलं असतं.

हिंजवडीहून हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाबा ती बाटली पोटाशी धरून उभे होते. नेमकं काय पोटात गेलंय, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी बाटली पुढे केली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली.

“बॅटरीचे अ‍ॅसिड. चव घेण्याचा मोह टाळावा.”

मग बाबा म्हणाले, “अक्षर माझंच आहे.”

पोलीस आले, घरात भांडण होतं का, हेही विचारून गेले. ते त्यांचं कामच. आई जगली. पण अन्ननलिका आतून भाजून आवळली गेली. दर थोड्या दिवसांनी दुर्बीण घालून ती रुंद करायची, की पुन्हा आवळायची. पेज, ताक, गाळलेलं वरण, तेही चमच्याने. घटाघटा पाणी कधी पिता येईल, एवढं एकच ती प्रत्येक डॉक्टरला विचारायची. समोरच्या गॅलरीतल्या बायकांशी तासभर गप्पा मारणारी माझी आई, पण आवाज असा खरखरीत झाला की तिने बोलणंच टाकलं. डॉक्टर आधी बघू म्हणायचे. मग बघू म्हणायचेही थांबले.

मी बाबांवर फार चिडले. एकदा तोंडावर विचारलं, “झाली का तुमची नदी स्वच्छ?” ते उठून गेले. मला अजून तो राग आहे आणि ज्याच्यावर काढावा असं कुणी नाही.

बाबांनी सगळ्या चिठ्ठ्या भिजवून काढून टाकल्या. सगळा माल पत्र्याच्या ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पोलिसांकडून परत आलेली ती बाटलीही त्यातच गेली. ती कुठे द्यायची, हे विचारत मी बरीच फिरले. कचऱ्याचं बघणाऱ्या साहेबांनी ओला का सुका ते विचारलं. भंगारवाल्याला बाटली हवी होती, पण रिकामी करून. बॅटरीच्या दुकानदाराने हात जोडले. आता तर चिठ्ठ्याही नाहीत. कशात काय आहे, हे एकट्या बाबांना ठाऊक होतं. ट्रंक अजून घरातच आहे आणि किल्ली माझ्याकडे.

बाबा गेले ते घरीच. शेवटच्या दिवशी त्यांना शुद्ध होती. देवघरातला गंगेचा गडू फोडून मी पाणी वाटीत काढलं आणि आईच्या हातात दिलं. तिने चमचा भरला. मग त्यातला थेंब आधी स्वतःच्या जिभेवर घेतला आणि थांबली. जन्मभर कुणाला उष्टं न देणारी बाई ती. पाणीच आहे अशी खात्री झाल्यावर तिने तोच चमचा बाबांच्या ओठांशी नेला.

बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. आईने पदराने हनुवटी पुसली आणि पुन्हा चमचा भरला, पण त्यांनी तोंड काही उघडलं नाही.