मावशीचा रविवार

चर्चच्या झाडलोटीला लागली तेव्हा मावशीचे केस काळे होते. ते पिकले, पण एक रविवार काही तिच्या वाट्याला आला नाही.

यंदा मंडळीच्या अंगात न्याय संचारला. मोलकरणींना आठवड्याला एक सुट्टी मिळालीच पाहिजे, म्हणून दर रविवारी उपासनेनंतर बैठक. खुर्च्या मांडायला, कपबश्या विसळायला मावशीच.

"विसावा देवाने सगळ्यांना दिलाय," चर्चचे पाळक म्हणाले.

चहा देता देता मावशीने विचारलं, "मग माझी सुट्टी कधी, साहेब?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. पाळक हसले. "मावशी, तुम्ही का मोलकरीण? तुम्ही तर घरच्याच."

घरच्या बाईला सुट्टी नसते, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. ती कप गोळा करू लागली.

"पुढच्या रविवारी मोर्चा आहे," पाळक म्हणाले. "मावशी, जरा लवकर या."